पत्रकात न बसलेली ओळ

तुमच्या घरात पत्रकांच्या घड्या कोण घालतं?

पत्रक लिहितं कोण ते मी विचारत नाही, त्याचं नाव खाली छापलेलं असतं. सभेत ते वाचून कोण दाखवतं तेही विचारत नाही. रविवारी सकाळी सतरंजी टाकून, चमच्याच्या पाठीने कागद दाबत, मथळा बाहेर राहील अशा बेताने हजार घड्या कोण घालतं, एवढंच विचारते आहे. आमच्याकडे आई घालायची.

बाबा चिंचवडला एका कारखान्यात फोरमन होते आणि उरलेल्या वेळात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायचे. सात-आठ जणांचं त्यांचं मंडळ होतं. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. गुलाबी, पिवळा, पोपटी, छापखान्यात जो कागद उरलेला असेल तो. वर ठळक मथळा, खाली एकाखाली एक प्रश्न आणि तळाशी ‘वाचा, विचार करा, पुढे द्या’. हवेतून अंगारा कसा काढतात हे मला पहिलीत असतानाच येत होतं. पंधराव्या वर्षी मी माझं स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं, शाळेतल्या पूजेविरुद्ध. त्याच्याही घड्या आईनेच घातल्या. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं तेव्हा ती म्हणाली, ‘मी फक्त घड्या घालते.’ आम्ही बापलेक त्यावर कित्येक वर्षं हसत होतो.

पुढे मी नोकरीसाठी मेलबर्नला आले आणि तिथल्या टार्निट या उपनगरात भाड्याचं घर घेतलं. आई मला भेटायला तीन महिन्यांसाठी आली. ती फेब्रुवारीत उतरली आणि मार्चमध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या. परतीच्या विमानांच्या यादीत दोनदा तिचं नाव लागलं, दोन्ही वेळा विमानच रद्द झालं. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पुण्याकडून जे फोन येऊ लागले त्यांनंतर बाबाच म्हणाले, ‘तिथेच राहा. इथे स्मशानातही नंबर लागतोय.’ त्यांच्या मंडळातली दोन माणसं त्याच महिन्यात गेली.

म्हणून दुसरा हिवाळाही आईने टार्निटलाच काढला. समोर अर्धवट बांधलेल्या घरांची रांग होती आणि त्यांच्या खिडक्यांवरचं प्लास्टिक वाऱ्याने दिवसभर फडफडायचं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. शेजारच्या पंजाबी आजी कुंपणावरून आईशी हिंदीत बोलायच्या, पण त्या जूनमध्ये मुलीकडे राहायला गेल्या आणि नव्या लॉकडाऊनमध्ये तिकडेच अडकल्या. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं काम. दिवसभर कानाला हेडसेट. आई माझ्यामागून सावकाश स्वयंपाकघरात जायची आणि सावकाश परत यायची. कुकरची शिट्टी माझ्या मीटिंगमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून ती वरण पातेल्यात शिजवायला लागली होती, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

तिच्या ब्लडप्रेशरसाठी डॉक्टर महिन्यातून एकदा फोनवर बोलायचे. म्हणजे माझ्याशी बोलायचे. ते विचारायचे, झोप कशी आहे? मी म्हणायचे, फाइन. भूक? फाइन. एकदा मी फोन ठेवल्यावर आई म्हणाली, ‘मी कुठे सांगितलं नीट झोपते म्हणून?’

‘मग झोपत नाहीस?’

‘ते आता कशाला? फोन ठेवलास तू.’

त्याच आठवड्यात पत्रपेटीत एक कागद आला. ऑनलाइन इंग्रजी शिकवू, मोफत. आईने तो उलटसुलट करून पाहिला. ‘घडी वाकडी आहे,’ ती म्हणाली, ‘पण कागद चांगला जाड आहे.’

मी तळाची बारीक ओळ वाचली. ‘आई, हे मॉर्मन लोक आहेत, अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. धर्मप्रसारक. इंग्रजीच्या नावाखाली धर्म शिकवतील.’

‘धर्म शिकवायचा तर आधी मला इंग्रजी शिकवावं लागेल ना त्यांना? तेवढं शिकून घेते.’

गुरुवार आणि शनिवार, दुपारी दोन. तुरीच्या डाळीच्या बरणीला टॅबलेट टेकवून आई समोर वही घेऊन बसायची. पडद्यावर एक एकोणीस वर्षांची मुलगी यायची. छातीवर नावाची काळी पट्टी, केसांचा घट्ट अंबाडा, हसली की डोळे बारीक. तिचं घर ब्रिस्बेनला, घरचे मूळचे सामोआ बेटांवरचे. घरापासून दूर दीड वर्ष प्रचाराचं काम करायचं म्हणून ती मेलबर्नला आली होती आणि लॉकडाऊनमुळे एका फ्लॅटमध्ये बंद होती. तिच्या शेजारी कायम दुसरी मुलगी असायची, कारण त्यांनी एकटं राहायचं नाही असा नियम. ती दुसरी काही बोलायची नाही, संत्री सोलत बसायची.

‘एक बोलायला आणि एक शेजारी बसायला,’ आई म्हणाली. ‘आपल्याकडे मुलगी दाखवतात तसं.’

एकदा तिने सांगितलं, ‘चहा पीत नाहीत म्हणे. कॉफीसुद्धा नाही. मग हे लोक एकमेकांकडे जातात तरी कशाला?’ आणि मग जरा थांबून, ‘महिन्यातून एक उपास करतात. तुझ्या बाबांना सांगू नकोस.’

ती मुलगी तिला आँटी म्हणायची. औषधांच्या दुकानात काय बोलायचं, बस चुकली तर काय विचारायचं, दात दुखतो हे कसं सांगायचं, असे संवाद दोघी करायच्या. आणि दर वेळी शेवटी ती विचारायची, व्हॉट डू यू थिंक, आँटी? आई सुरुवातीला नुसतं ‘येस’ म्हणायची. मग ‘येस, गुड’. मग हळूहळू वाक्यं यायला लागली. मला हेडसेटच्या एका कानातून माझी मीटिंग आणि दुसऱ्या उघड्या कानातून आईची वाक्यं ऐकू यायची. ती पावसाबद्दल काय वाटतं ते सांगायची, इथल्या ब्रेडबद्दल सांगायची. एकदा तिने, मुलींनी लग्न उशिरा केलं तरी चालतं, असं इंग्रजीत सांगितलं. मराठीत तिने मला हे कधी सांगितलेलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एके दिवशी तिने स्वतः औषधांच्या दुकानात फोन केला. ‘आय नीड माय रिपीट, प्लीज.’ म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुढच्या महिन्याच्या गोळ्या. फोन ठेवला, शिरा केला आणि माझ्या लॅपटॉपशेजारी बशी आणून ठेवली. मी मीटिंगमध्ये होते. मान हलवली फक्त.

धर्म आला तो दोन महिन्यांनी. जेवताना आई म्हणाली, ‘त्यांचा जो मूळ पुरुष, तो अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याचा पोरगा होता. चौदा वर्षांचा असताना जंगलात जाऊन प्रार्थना करत बसला, कुठला पंथ खरा म्हणून. तर देवच समोर आला म्हणे. पुढे मग देवदूताने त्याला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले. त्यावर लिहिलेलं. तो टोपीत एक खडा टाकायचा, टोपीत तोंड घालायचा आणि वाचून दाखवायचा. बायको लिहून घ्यायची.’

मी घास खाली ठेवला. ‘आणि तू ऐकून घेतलंस?’

‘गोष्ट आहे, ऐकली. मला ते खडे आणि सोनं सोड. बायकोचं लक्षात राहिलं. ते पत्रे फडक्यात गुंडाळून टेबलावर पडलेले असायचे. ती उचलून टेबल पुसायची आणि परत ठेवायची. उघडून नाही पाहिलं.’

‘का नाही पाहिलं?’

‘तुझ्या बाबांचे गठ्ठे उचलून मी तीस वर्षं टेबल पुसलं. प्रत्येक गठ्ठा उघडून बसले असते तर पुसलं कधी असतं?’

ती हसत होती. मी नव्हते. माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ होती. ते महिनोन्‌महिने एकटे होते, सभा बंद, छापखाना बंद, खिचडी सकाळ-संध्याकाळ. त्यांचा आवाज फोनवर इतका खाली गेला होता की मी दर वेळी आधी आवाजाची पट्टी वाढवायचे. मी म्हटलं, सोन्याचे पत्रे. टोपी. खडा. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘थांब,’ बाबा म्हणाले. ‘वही घेतो.’

हे मी प्रामाणिकपणे लिहायला हवं. ते पत्रक मी सत्यासाठी लिहिलं, पण त्या सरकलेल्या खुर्चीसाठीही लिहिलं. पुढचे दोन आठवडे रोज दुपारी आम्ही त्या माणसाच्या मागे होतो. मी वाचून सांगायचे, बाबा प्रश्न करायचे. पत्रे आता कुठे आहेत? पहिली लिहिलेली पानं हरवली तेव्हा तीच पुन्हा का सांगता आली नाहीत? एका बायकोवर तो थांबला नाही, कितीतरी केल्या, त्यातली एक चौदा वर्षांची होती, तेव्हा देवाची आज्ञा नेमकी त्याच्याच सोयीची कशी? आणि मग मी त्यांना छापखान्याचं सांगितलं. त्याच्याच गावात, त्याला सोडून गेलेल्या काही लोकांनी त्याच्याविरुद्ध एक वर्तमानपत्र काढलं. एकच अंक निघाला. तो तिथला नगराध्यक्ष होता. नगरपालिकेकडून हुकूम काढवून त्याने तो छापखाना मोडायला लावला.

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

‘मोडला?’

‘हो. टाइप रस्त्यावर फेकले.’

‘हा पहिला प्रश्न,’ बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा आला होता.

त्या प्रकरणाचा शेवटही मी त्यांना वाचून दाखवला होता. छापखान्यावरून त्याला तुरुंगात टाकलं. खटला उभा राहण्याआधीच तोंडाला रंग फासलेला जमाव तुरुंगात घुसला आणि त्याला आणि त्याच्या भावाला गोळ्या घातल्या. पुढे कुणालाही शिक्षा झाली नाही. बाबा ‘हं’ म्हणाले. म्हणाले, ‘आठ प्रश्न झालेत. पान भरलं.’ मीही मोजलं. खरंच भरलं होतं.

एका मंगळवारी रजा घेऊन मी घरच्या प्रिंटरवर शंभर प्रती काढल्या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आमच्या वस्तीत अर्धी घरं आपल्याकडच्या लोकांची, त्या सगळ्यांच्या पेट्यांत तो जाड कागद येऊन पडला होता. रोजच्या फिरण्याच्या परवानगीच्या वेळात मी माझा कागद टाकणार होते. पण आधी घड्या हव्या होत्या. मी काय केलं असेल? गठ्ठा उचलला, आईसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि वर एक चमचा ठेवला. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आमच्या घरी पत्रक असंच तयार व्हायचं.

आईने चष्मा लावला. पहिला कागद घेतला, तीन भाग डोळ्यांनी मोजले, घडी घातली, चमच्याची पाठ फिरवली. दुसरा घेतला. मग चौथ्या-पाचव्या कागदाशी तिचा हात थांबला. ती वाचत होती. आधी मराठी बाजू, मग उलटून इंग्रजी, ओठ हलवत, बोट ठेवून. घड्या घालताना तिला वाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. किंवा ती नेहमीच वाचत असेल आणि मी कधी बघितलं नसेल.

‘याला मारलं ना पुढे?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘तोंडाला रंग लावून आले होते. पोरीने सांगितलं मला. सांगताना तिचा आवाज भरून आला होता.’

‘हो, मी वाचलंय.’

‘मग ते यात कुठे आहे?’

‘जागा नव्हती, आई.’

ती पुन्हा घड्या घालायला लागली. पाच-सहा झाल्या असतील.

‘आपल्याकडे लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांना गोळ्या घातल्या, तेव्हा तुझ्या बाबांनी पांढऱ्या कागदावर पत्रक काढलं होतं,’ ती म्हणाली. ‘पहिल्यांदाच पांढऱ्यावर. विचार पटला नाही तरी माणूस मारायचा नाही, एवढीच एक ओळ, मधोमध. दोन हजार घातल्या मी. रात्री बोटं सुजली होती.’

‘ते वेगळं होतं. हा बुवा होता, आई. छापखाना मोडणारा. चौदा वर्षांच्या मुलीशी—’

‘त्या पत्रकात “बुवा सोडून” असं लिहिलेलं नव्हतं.’

तिने उरलेल्या सगळ्या घड्या पूर्ण केल्या, पन्नास-पन्नासचे दोन गठ्ठे करून रबर लावलं, चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि भात लावायला उठली.

मला राग आला होता. कुणाचा, ते त्या दिवशी सांगता आलं नसतं. आमच्यात एक तत्त्व आहे, जे छापायचं ते तोंडावर सांगायची तयारी हवी. बाबा प्रत्येक पत्रकाची पहिली प्रत त्या बुवाच्या मठात स्वतः नेऊन द्यायचे. त्या तत्त्वाचा आधार घेऊन मी आईच्या टॅबलेटमधून त्या मुलीचा नंबर काढला आणि इंग्रजी बाजूचा फोटो तिला पाठवून दिला. वर लिहिलं, कृपया उत्तर द्यावं.

गुरुवारी आईने दुपारी केस विंचरले, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला, बरणीला टॅबलेट टेकवला. दाताच्या डॉक्टरचा संवाद होता, तिने तो वहीत दोनदा लिहून काढला होता. दोन वाजले. सव्वादोन झाले. मी माझ्या टेबलावरून पाहत होते. हेडसेटमध्ये कुणीतरी मला एका चुकीबद्दल विचारत होतं, आणि मी म्यूट काढून म्हणाले, ‘सॉरी, पुन्हा सांगाल?’ आई पडद्याकडे बघत ओठांतल्या ओठांत संवाद म्हणत होती. माझा वरचा दात दुखतो. कधीपासून? मंगळवारपासून.

तीन वाजता तिने टॅबलेट मिटला. ‘नेट गेलं असेल त्यांचं.’

शनिवारीही नेट गेलं होतं. रविवारी मी तिला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती आणि निवडायची थांबली नाही.

‘कधी पाठवलंस?’

‘मंगळवारी. तू घड्या घातल्यास तेव्हा.’

‘म्हणजे गुरुवारी तुला माहीत होतं.’

‘हो.’

‘बघत बसली होतीस.’

‘आई, त्यात एक शब्द खोटा नाही.’

‘मी कुठे म्हटलं खोटा?’ तिने एक पिवळी काडी बाजूला काढली. ‘मला काय ते सोन्याचे पत्रे खरे वाटले होते? तुमच्या घरात राहून? तू तिला असं पाठवलंस जसं काही तीच तो मठ चालवते. एकोणीस वर्षांची आहे ती. आईला फक्त सोमवारी फोन करते, त्यांचा दिवस ठरलेला असतो. मंगळवारी पाठवलंस. म्हणजे सोमवारपर्यंत सहा दिवस ते घेऊन बसायचं तिने, एकटीने.’

‘एकटी कुठे? ती दुसरी असते की शेजारी.’

‘शेजारी असते,’ आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मग कोथिंबीर उचलून आत गेली.

सोमवारी संध्याकाळी त्या मुलीचा मेसेज आला. माझ्या फोनवर, कारण पाठवणारी मी होते. लांब होता, पण त्यात चिडणं नव्हतं. लिहिलं होतं की वर्ग चुकवल्याबद्दल सॉरी. पत्रक दोनदा वाचलं. बायकांबद्दलचं काही तिला माहीत होतं, चौदा वर्षांच्या मुलीचं नव्हतं. आज ती स्वतःच्या आईशी बोलली. माझ्या प्रश्नांना तिच्याजवळ आत्ता उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात तिला दुसऱ्या गावी, बेंडिगोकडे पाठवताहेत, ते आधीच ठरलेलं होतं, पत्रकामुळे नाही. आँटींना हवं असेल तर दुसऱ्या दोघी शिकवतील. आणि शेवटी, आँटींना सांगा, दाताच्या डॉक्टरचा संवाद करून ठेवा, त्या खूप छान बोलतात.

बाबांच्या आयुष्यात किती बुवांनी उत्तर दिलं? एकानेही नाही. मला पहिल्याच फटक्यात मिळालं होतं, उत्तर नाही असं कबूल करणारं उत्तर. मी जिंकले होते. मी तो फोन हातात धरून कोचावर बसून राहिले आणि मला इतकं थकायला झालं की दिवा लावायलाही उठवेना.

मी सगळा मेसेज आईला मराठीत सांगायला लागले. ती म्हणाली, ‘दे इकडे, मी वाचते.’ वेळ लागला, पण तिने वाचला. दुसऱ्या दोघी नकोत म्हणाली. मग म्हणाली, ‘तो बोलायचा मेसेज असतो ना, तो कसा करतात? कुठे दाबायचं तेवढं दाखव. आणि मध्ये बोलू नकोस. चुकलं तरी बोलू नकोस.’

मी बटण दाखवलं. ती खुर्चीत सरळ बसली, घसा साफ केला आणि फोन ओठांजवळ धरून बोलली.

‘हॅलो. धिस इज आँटी. माय डॉटर फरगॉट वन लाइन. दे किल्ड हिम. दॅट इज रॉन्ग. व्हेरी रॉन्ग. आय थिंक सो.’ मध्ये ती थांबली. बोट बटणावर तसंच होतं. ‘यू ईट प्रॉपरली. नॉट ओन्ली ऑरेंज.’

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. ती मुलगी पुढे त्यांच्यात राहिली की बाहेर पडली, मला माहीत नाही. आईने कधी विचारलं नाही आणि मी पुन्हा मेसेज केला नाही. त्यानंतर गुरुवारी दुपारी दोन वाजता आई नुसतीच टेबल पुसायची. मी एकदा हेडसेट काढून तिच्यासमोर जाऊन बसले, म्हटलं, माझ्याशी कर तो संवाद, मी डॉक्टर बनते. तिने केला. पाठ होता तिला. संपल्यावर मी विचारलं, ‘व्हॉट डू यू थिंक, आई?’

‘तू तपासायला विचारतेस,’ ती म्हणाली. ‘ती ऐकायला विचारायची.’

पुढच्या महिन्यात डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी तो तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आत ती त्यांना झोपेबद्दल सांगत होती. बराच वेळ सांगत होती.

सीमा उघडल्यावर आई डिसेंबरात परत गेली. ते शंभर कागद माझ्या कपाटात बुटांच्या खोक्यात आहेत, रबरासकट. मी ते वाटले नाहीत. त्यातला एकही प्रश्न मी मागे घेतलेला नाही, हेही लिहून ठेवते. छापखाना मोडणारा माणूस मला आजही नको आहे, आणि त्या चौदा वर्षांच्या मुलीबद्दल कुणी गोड शब्दांत समजूत घालायला आलं तर मी आजही भांडेन. पण ते पान अपुरं होतं. तुरुंगात मारलेला माणूस आम्ही गाळला, कारण तो लिहिला असता तर आमचा बुवा थोडा माणूस झाला असता. बाबा आणि मी दोघांनी तो मुद्दाम गाळला, आणि जागेचं कारण आम्हाला दोघांनाही पटकन सापडलं.

मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. मंडळ पुन्हा सुरू झालंय, तिघंच उरलेत, पण नवं पत्रक तयार आहे. तयार होतं, पण अडकलंय.

‘तुझी आई घड्या घालत नाही,’ बाबा म्हणाले. ‘म्हणते, आधी मोठ्याने वाचून दाखवा. वाचलं. तर म्हणते, चौथा प्रश्न त्या बुवाला नाही, त्याच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांना टोचतोय, बदला. बदलला. आता म्हणते, पुन्हा वाचा. तीन दिवस झाले. काय शिकवून पाठवलंस तू तिला?’

‘मी नाही शिकवलं, बाबा.’

‘मग कोणी?’

मी सांगितलं नाही. मागे आईचा आवाज आला, ‘तिला काय विचारता? मला विचारा.’ मग बाबांनी फोन खाली ठेवल्याचा, खुर्ची सरकल्याचा आणि कागद उलगडल्याचा आवाज आला. फोन बंद करायला ते विसरले होते. मी ऐकत राहिले. ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागले होते.

तुम्हीही कुणाविरुद्ध तरी काही लिहीत असाल, तुमची बाजू बहुतेक बरोबरही असेल. ते छापायला देण्याआधी, ज्या बाईच्या हातांकडे ते घड्यांसाठी जाणार आहे तिच्यासमोर आज बसा आणि ते तिला वाचून दाखवा. ती बोलेपर्यंत थांबा, वेळ लागेल. आणि ती जी ओळ राहिली म्हणेल तिला त्याच पानावर जागा करा. त्यासाठी तुमचा एक प्रश्न कापावा लागला तर कापा.